दात साफ झाले, पण फिलिंग खरबडीत झाली: नागपुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण पन्नाशी ओलांडलेले, हिंगणा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारे गृहस्थ. ओळख पटू नये म्हणून घरचे आणि कामाचे काही तपशील बदलले आहेत. दवाखान्यात आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, इथेही तेच म्हणते.

काकांच्या तोंडात चार प्रकारची जुनी कामं होती. स्कूटरवरून पडून वरच्या दोन पटाशीच्या दातांचे कोपरे तुटले होते, तिथे दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट. वरच्या सुळ्यांपासून उपदाढांपर्यंत पाच दातांच्या माना हिरडीलगत झिजल्या होत्या, तिथे ग्लास आयोनोमर, म्हणजे लोक ज्याला नुसतं ‘सिमेंट’ म्हणतात ते. खालच्या एका दाढेत बऱ्याच वर्षांपूर्वीची चांदी. आणि वरच्या एका दाढेवर धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप. मानांची झीज कशामुळे, हे विचारावंही लागलं नाही. तरुणपणी काळं दंतमंजन बोटाने रगडायचे, नंतर ब्रश आला तो कडक, आणि तोही आडवा, जोर लावून.

शिवाय खर्रा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून हातावर घोटून घोटून करतात तो. कामाच्या पाळीत दिवसाला चार-पाच पुड्या सहज होत. त्यामुळे दातांच्या आतल्या बाजूला काळपट-तपकिरी थर साचायचा आणि काका दर सहा-आठ महिन्यांनी कुठेतरी जाऊन दात साफ करून घ्यायचे. सवय चांगली होती. फक्त दर वेळी डॉक्टर वेगळा असायचा आणि कोणत्या दातात काय भरलंय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

अडचण

आमच्याकडे आले ते शेवटच्या सफाईनंतर महिन्याभराने. सफाई दुसरीकडे झाली होती. खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला सुरुवात:

“काहून असं होऊन राहिलं मॅडम? दात साफ केले अन् उलटे खरबडे झाले. जीभ सारखी तिथंच जाते ना जी.”

काकू सोबत होत्या. “मी आधीच सांगत होती यांना, मशीननं दात साफ नका करू. दात हलतात त्याच्यानं.”

तक्रारी तीन होत्या. पुढच्या दोन दातांची चमक गेली होती आणि रविवारच्या तर्री-पोह्यानंतर कोपरे पिवळे दिसायचे. मानांपाशी थंड पाण्याने कळ जायची. आणि ब्रश करताना नेमक्या त्याच पाच दातांजवळ रक्त यायचं. महिन्याभराने मुलीचं साक्षगंध होतं. काकांची मागणी एकच होती: “सगळं काढून टाका अन् नवीन भरून द्या. पैशाचं पाहू.”

तपासणीत काय दिसलं

आधीच्या दवाखान्याचा कागद नव्हता, म्हणून काकांनाच विचारलं: त्या दिवशी तोंडात काय काय झालं, चव कशी होती? हा प्रश्न मी नेहमी विचारते. रुग्णाला यंत्राचं नाव आठवत नाही, चव मात्र पक्की आठवते. काका म्हणाले, आधी पाण्याचा कर्र आवाज झाला, मग जोराचा खारट फवारा, मग रबराने काहीतरी वाळूसारखं घासलं, आणि शेवटी आंबट जेली ट्रेमध्ये भरून दातांवर दाबून ठेवली.

चारही पायऱ्या यातून कळल्या. अल्ट्रासॉनिक स्केलर, म्हणजे कंपनाने किटण काढणारं यंत्र, सोडियम बायकार्बोनेटच्या पावडरचा जेट, प्युमिसची, म्हणजे ज्वालामुखीच्या दगडाच्या भुकटीची पेस्ट, आणि आम्लधर्मी फ्लोराइड जेल, ज्याला आम्ही एपीएफ म्हणतो. निरोगी, न भरलेल्या दातांसाठी यातली प्रत्येक गोष्ट रोज वापरली जाते आणि त्यात वावगं काही नाही. काकांच्या दातांत भरलेल्या वस्तूंनाही तीच वागणूक मिळाली, इथे घोटाळा झाला.

दात हवेने कोरडे करून भिंगाच्या चष्म्यातून पाहिले. ओल्या दातावर सगळंच चमकतं, त्यामुळे कोरडं करून पाहिल्याशिवाय फिलिंगबद्दल मत देऊ नये. पुढच्या कॉम्पोझिटवर दाताचा भाग चकचकीत आणि भरलेला भाग खडूसारखा मंद, दोघांच्या मधली सीमा पेन्सिलने आखावी तशी स्पष्ट. त्याच भागावर दोन-तीन बारीक करड्या रेघा होत्या. काकांना त्या कीड वाटत होत्या. स्केलरच्या धातूच्या टोकाचे ते ओरखडे, पेन्सिलची खूण कागदावर उमटते तसे नुसते वर बसलेले. मानांवरच्या पाचपैकी तीन सिमेंटवर सारखा खरबडीतपणा होता, दोनांवर मात्र टोचणीचं टोक अडकेल असे खड्डे. चांदी निस्तेज, पण कडा शाबूत. कॅपची चकाकी हिरडीजवळ किंचित उतरलेली.

मग प्लाक, म्हणजे दातांवरचा जंतूंचा थर, दाखवणारा दोन रंगांचा द्रव लावला आणि आरसा काकांच्या हातात दिला. नुसत्या दातांवर फिकट गुलाबी, सिमेंटवर गडद जांभळा, म्हणजे तिथे जुना थर टिकून होता. रक्त तिथूनच का येतं, हे मला वेगळं समजवावं लागलं नाही.

एक्स-रेत फिलिंगखाली कीड दिसली नाही. थंडाची चाचणी सगळ्या दातांनी नीट दिली, म्हणजे आतल्या नसा ठीक होत्या. कळ यायची ती सिमेंटमुळे नव्हे, त्याच्या खालच्या कडेशी उघड्या पडलेल्या मुळाच्या पट्टीतून.

तोंड उघडून तीन बोटं जातात का, गालाच्या आत ताठ पट्टे लागतात का, हेही पाहिलं. खर्ऱ्यातल्या सुपारीने गाल आतून ताठ होत जातात आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो, म्हणून खर्रा खाणाऱ्याच्या बाबतीत ही तपासणी फिलिंगच्याही आधीची. तोंड नीट उघडत होतं, पट्टे नव्हते.

असं का झालं

कॉम्पोझिट म्हणजे मऊ रेझिनमध्ये, एका प्रकारच्या प्लास्टिकमध्ये, रोवलेले काचेचे किंवा सिलिकाचे बारीक कण. घर्षणाने आधी रेझिन झिजतं आणि कण वर उघडे पडतात, जुन्या अंगणातल्या कोब्यातलं सिमेंट झिजून खडी वर यावी तसे. पुढे काही कण निखळतात आणि तिथे खड्डा उरतो. हळद अशाच पृष्ठभागात मुरते.

ग्लास आयोनोमर त्याहून नाजूक. कठीणपणा मोजायच्या मोहसच्या मापावर (१ सर्वांत मऊ, १० सर्वांत कठीण) दाताचं वरचं कवच, इनॅमल, ५च्या आसपास, सोडियम बायकार्बोनेट साधारण २.५ आणि प्युमिस ६. बायकार्बोनेटचा जेट इनॅमलचं फारसं बिघडवत नाही, पण सिमेंट आणि उघडं मूळ यांना तो ओरबाडतो. फक्त कठीणपणावर सगळं ठरत नाही. कण केवढा, हवेचा दाब किती, पाणी पुरेसं आहे का, नळी दातापासून किती दूर आणि किती वेळ एका जागी धरली, या सगळ्याचा वाटा असतो. ग्लायसिन आणि एरिथ्रिटॉल या सौम्य पावडरी. ग्लायसिनचे कण साधारण २५ मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि एरिथ्रिटॉलचे १४च्या आसपास, त्यामुळे त्यांचा मार बराच सौम्य. कमी म्हणजे शून्य नव्हे, हे मात्र त्या यंत्रांच्या जाहिराती पाहून विसरायला होतं.

आंबट जेलचं काम निराळं. १.२३ टक्के फ्लोराइडच्या या जेलचा सामू ३ ते ४च्या दरम्यान असतो आणि आम्ल-फ्लोराइडची ती जोडी काचेला खाते. ग्लास आयोनोमरमध्ये काच, कॉम्पोझिटमध्ये बहुधा काच, सिरॅमिकच्या झिलईतही काच. आधी पावडरने पृष्ठभाग उघडा केला आणि मग त्यावर काच खाणारं जेल बसवलं. माझ्या मते काकांच्या सिमेंटवरचे खड्डे या क्रमामुळे पडले, एकट्या स्केलरमुळे नव्हे.

जीभ तिथे सारखी का जाते, त्याचंही उत्तर आहे. फिलिंगच्या खरबडीतपणात पाव ते अर्ध्या मायक्रॉनचा फरक पडला तरी जिभेला तो कळतो. आणि ०.२ मायक्रॉनच्या वर खरबडीतपणा गेला की जंतूंचा थर जास्त साचू लागतो, हा आकडा १९९०च्या दशकापासून आमच्या शाखेत उंबरठा म्हणून वापरला जातो. काकांची जीभ अतिशयोक्ती करत नव्हती.

समोर कोणते पर्याय होते

सगळं काढून नव्याने भरणं ही काकांची पहिली पसंती होती. माझा विरोध होता. जुनी फिलिंग काढताना थोडा तरी चांगला दात जातोच, दर वेळी खड्डा मोठा होतो. मानांपाशी तर मज्जेपर्यंतचं अंतर आधीच कमी. शिवाय खाली कीड नाही, कडा उघडलेल्या नाहीत, बिघाड आहे तो वरच्या पातळ थराचा. तेवढ्यासाठी सात फिलिंग उपटणं हे माझ्या मनाला पटेना. आणि पुढची सफाई पुन्हा तशीच झाली तर नवीन फिलिंगचंही तेच होणार होतं.

दुसरा पर्याय सगळीकडे फक्त पॉलिश करण्याचा. कॉम्पोझिटसाठी तो उत्तम. सिमेंटसाठी अर्धवट, कारण खोल खड्डे पॉलिशने जात नाहीत, ते घालवायला इतका थर उतरवावा लागतो की फिलिंगचा आकारच जातो.

तिसरा पर्याय, सिमेंटचा फक्त वरचा थर काढून त्यावर कॉम्पोझिट चढवायचं. खालचं सिमेंट दाताला धरून राहतं, वरची बाजू टिकाऊ होते. पण यासाठी हिरडीतून रक्त येता कामा नये. रक्त किंवा ओल लागली की बाँडिंग, म्हणजे कॉम्पोझिट दाताला चिकटणं, फसतं.

चौथा पर्याय, पातळ रेझिनचा लेप. काम सोपं, पण काही महिन्यांत ब्रशने उडतो. काकांच्या ब्रशने तर लवकरच.

काहीही न करता थांबणं हाही पर्याय असतो आणि चांदीच्या बाबतीत आम्ही तोच घेतला.

काय केलं

पहिला निर्णय: सातही फिलिंगना एक उपाय नाही, दातागणिक वेगळा. दुसरा निर्णय क्रमाचा होता आणि तिथे साक्षगंधाची तारीख आडवी येत होती. मानांवरचं काम घाईने उरकलं असतं तर रक्त येणाऱ्या हिरडीवर कॉम्पोझिट बसवावं लागलं असतं. काकांना सरळ सांगितलं, “काका, फोटोत दिसणारे दोन दात आज करून देते. बाकीच्यांना हिरडी बरी होऊ द्या. कार्यक्रमानंतर केलं तर काही बिघडत नाही, आधी केलं तर बिघडेल.” काकूंनीच ते मान्य केलं.

त्याच दिवशी पुढच्या दोन दातांचं पॉलिश केलं. मध्यम, बारीक आणि अतिबारीक अशा अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या चकत्या क्रमाने, हलक्या हाताने, आणि प्रत्येक चकतीनंतर दात धुऊन. धुणं टाळलं तर आधीच्या चकतीचा जाड कण मागे राहतो आणि शेवटच्या पॉलिशवर तोच ओरखडे काढतो. करड्या रेघा पहिल्याच चकतीला गेल्या. शेवटी फेल्टच्या, म्हणजे नमद्याच्या, चकतीवर बारीक पेस्ट. पिवळेपणा बहुतेक गेला. एका कोपऱ्यात कडेशी तपकिरी रेघ होती, तिथे टोचणी अडकत नव्हती आणि एक्स-रे स्वच्छ होता, म्हणून ती फोडली नाही, पॉलिशने फिकी केली आणि नोंद करून ठेवली.

मग सफाई. हो, पुन्हा सफाई, कारण खरबडीत सिमेंटवर आणि हिरडीखाली थर होताच. काकू बिचकल्या. त्यांना दाखवलं की किटण दाताला धरून ठेवत नाही, हिरडीला दातापासून दूर ढकलतं, आणि ते निघाल्यावर दात हलल्यासारखा वाटतो तो आधीच सैल झालेला असतो. निरोगी इनॅमलवर अल्ट्रासॉनिक वापरला, कमी शक्तीवर, टोकाची कड दाताला समांतर ठेवून. टोक उभं टेकवलं की खड्डा पडतो. मानांपाशी यंत्र नेलंच नाही, तिथे हाताची अवजारं आणि तीही फिलिंगवरून न ओढता कडेकडेने. खर्ऱ्याच्या डागांसाठी पावडरचा जेट फक्त आतल्या बाजूच्या, न भरलेल्या दातांवर. बाकी ठिकाणी रबर कप आणि बारीक पेस्ट, प्युमिस नाही. कॅपभोवतीही तसंच.

फ्लोराइड द्यायचंच होतं, मुळं उघडी होती. जेलऐवजी ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश लावलं. ते आम्लधर्मी नाही, फिलिंगला खात नाही, आणि उघड्या मुळाची कळही कमी करतं. मऊ ब्रश दिला, आडवा हात सोडवला.

साक्षगंध पार पडल्यावर काका आले तेव्हा रक्त येणं बरंच थांबलं होतं. खड्डे पडलेल्या दोन सिमेंटचा वरचा पाऊण-एक मिलिमीटर थर उतरवून, हिरडी बाजूला राहावी म्हणून तिच्यात दोरा सारून, वर कॉम्पोझिट चढवलं. उरलेल्या तिघांना फक्त अतिबारीक चकती, तीही पाण्याखाली. ग्लास आयोनोमर कोरडं पॉलिश केलं की सुकतं आणि भेगाळतं.

परिणाम

तीन महिन्यांनी पुढच्या दातांची चमक टिकून होती. रंगाच्या द्रवाने मानांवर जांभळं जवळपास दिसलं नाही. कळ गेली होती. काका म्हणाले, “आता जीभ जात नाही जी तिकडं.”

वर्षभराने चित्र थोडं मिश्र. कॉम्पोझिट चढवलेले दोन्ही दात उत्तम. फक्त पॉलिश केलेल्या तीन सिमेंटपैकी दोन ठीक, डावीकडच्या उपदाढेचं मात्र पुन्हा खरबडीत झालं आणि हिरडीही पुन्हा सुजली. त्यावरही कॉम्पोझिटचा थर दिला. म्हणजे संपूर्ण नवीन फिलिंग एकही करावी लागली नाही.

खर्रा सुटला नाही. दिवसाला एक-दोन पुड्यांवर आला, दिवाळीत पुन्हा वाढला, मग पुन्हा खाली. तंबाखू सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा मोफत राष्ट्रीय नंबर काकूंनी स्वतःच्या फोनमध्ये ठेवलाय. मला या प्रकरणात सर्वांत जास्त काळजी याचीच आहे, कारण डाग वाढले की सफाई वाढते, सफाई वाढली की फिलिंगवरचा मार वाढतो, आणि तोंडाच्या आतल्या कातडीला जे होऊ शकतं ते तर कुठलंच पॉलिश भरून काढत नाही. दर भेटीला तीन बोटांची तपासणी चालू आहे.

निर्णयाच्या जागा आणि पुढच्या वेळी

उपदाढेच्या बाबतीत पहिल्याच वेळी थर चढवायला हवा होता का? मी आजही नाही म्हणेन. तिथे खड्डे नव्हते, आणि तीनपैकी दोन ठिकाणी साध्या पॉलिशने भागलं. पण त्या बाजूने काका ब्रश जास्त रगडतात हे झिजेवरून दिसत होतं. अशा जागी तीन महिन्यांऐवजी सहा आठवड्यांनीच बोलावून पाहणं योग्य ठरेल.

पॉलिशआधीचे आणि नंतरचे फोटो एकाच प्रकाशात, दात कोरडे करून घ्यावेत. दवाखान्यात मायक्रॉन मोजायचं साधन नसतं, फोटोतली चमक हाच पुरावा. काकांच्या बाबतीत वर्षभराने उपदाढ बिघडली हे लवकर लक्षात आलं ते अशा फोटोंमुळेच.

पण खरी जागा याच्याही आधीची आहे, म्हणजे सफाई सुरू होण्यापूर्वीची दोन मिनिटं. दात कोरडे करायचे, भिंगातून बघायचं, कुठे काय भरलंय याची यादी सहायकाला सांगायची आणि त्यानुसार पावडर, शक्ती, पेस्ट ठरवायची. चांगल्या रंगाचं कॉम्पोझिट ओल्या दातात भल्याभल्यांना दिसत नाही, म्हणून घाईत सगळ्या दातांना एकच हात फिरतो. सौम्य पावडरचं यंत्र नसेल तरी चालतं. हाताची अवजारं, रबर कप आणि बारीक पेस्ट प्रत्येक दवाखान्यात असतात. एपीएफ जेलच हाताशी असेल तर निदान फिलिंग आणि कॅपवर आधी पेट्रोलियम जेली लावून घ्यावी.

सफाईनंतर फिलिंगचं पॉलिश हा त्याच बैठकीचा भाग धरायला हवा. बहुतेक ठिकाणी ती जादा सेवा समजली जाते आणि राहून जाते.

रुग्णाच्या बाजूने एक गोष्ट सहज होण्यासारखी आहे. काकांना आम्ही एका पुठ्ठ्यावर दातांचं चित्र काढून कुठे कॉम्पोझिट, कुठे सिमेंट, कुठे चांदी, कुठे कॅप आणि कोणत्या महिन्यात भरलं ते लिहून दिलं. ते पाकिटात आधार कार्डाच्या मागे असतं. मध्यंतरी मुलीकडे पुण्याला असताना त्यांनी तिथे दात साफ करून घेतले, तेव्हा आधी तो पुठ्ठा पुढे केला आणि आंबट जेल नको म्हणून सांगितलं. परत आल्यावर पाहिलं तर मानांवरची चमक जशीच्या तशी होती.